मधल्याचं श्राद्ध

गेल्या पितृपक्षात मी माझ्या स्वतःच्या श्राद्धाला अगदी वेळेवर पोचलो.

खरं म्हणजे ते अण्णाकाकांचं श्राद्ध होतं. अण्णाकाका म्हणजे बाबांचे मधले भाऊ, लग्न न करताच गेले. (आमच्या घराण्यात मधल्यांचं काहीच फारसं गाजत नाही, मरणसुद्धा!) मीही तीन भावांत मधला. थोरला दिगूदादा लातूरचं घर सांभाळतो, धाकटा विनू आईचं शेपूट म्हणून तिथंच राहतो आणि मी धर्माबादला मास्तर. दादाचे नवे कपडे, विनूचा हट्ट आणि माझा समजूतदारपणा, यावर आमचं बालपण पार पडलं. 'त्याला काय, त्याला चालतंय' हे माझ्याबद्दल घरातलं एकमेव मत.

भर दुपारी घरी पोचलो. दार सताड उघडं. "आलो गं!" म्हणालो. कुणी ओ दिली नाही. दादा कावळ्याचं पान घेऊन माझ्या शेजारून गच्चीवर गेला, पण माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. विनू मोबाइलवर बोलत जवळजवळ माझ्या अंगावरून गेला. बैठकीत धुपाचा धूर कोंडला होता. मी चप्पल काढून वर पाहिलं.

भिंतीवर बाबांच्या तसबिरीशेजारी मी होतो! काळापांढरा, फेटा बांधलेला, गळ्यात झेंडूचा हार, कपाळाला गंध. समोर समई आणि ताटात वडे-खीर. डोळे थेट माझ्यावर रोखलेले.

सर्रकन काटा आला अंगावर. सकाळपासूनचं एकेक आठवायला लागलं. मुदखेडला गाडी उगाचच थांबून राहिली होती. नांदेडहून येताना एसटी गच्च भरलेली, तरी माझ्या शेजारी कुणी बसलं नव्हतं. कंडक्टरनं तिकीटसुद्धा विचारलं नव्हतं! मुदखेडलाच आपलं काही झालं नसेल ना? स्वतःला चिमटा काढला. दुखलं. पण मेल्यावर दुखत नाही, हे सांगायला तरी कोण परत आलंय?

मग भीतीपेक्षा राग वर आला. हार घालण्याआधी माणसाचं तोंड एकदा बघायला नको? ठरवलं, आपण एक शब्द बोलायचा नाही. बाकीच्यांचं सोडा, पण आईनं मला आपणहून ओळखलंच पाहिजे. मी दारालगत भिंतीला टेकून उभा राहिलो.

गच्चीवरून दादा ओरडला, "आई, कावळा शिवंना गं! कठड्यावर बसून नुसता बघून राहिलाय!"

कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याची इच्छा राहिली. आई "माय गं!" म्हणत स्वयंपाकघरातून आली, माझ्या समोरून गेली आणि माझ्याच फोटोपुढं हात जोडून उभी राहिली.

"भावजी, काय ऱ्हायलं तुमचं? मधल्याला कुणी इचारलंच न्हाई कधी. चुकलंच आमचं. लई सोसलं तुम्ही. आता मनात ठिवू नका, काय पाहिजे ते सांगा."

हे वाक्य ऐकायला मी जन्मभर थांबलो होतो! तोंडातून निघूनच गेलं, "जेवलास का म्हणून इचारा कुणीतरी."

त्याच क्षणी वरून आरोळी आली, "शिवला! शिवला!"

आई गोठली. "विन्या... फोटू बोलला रे!"

विनू धावत आला. त्याला भिंतीवर मी दिसलो, दाराशी मी दिसलो. तो मटकन खालीच बसला. दादा उतरला, दोन्हीकडे पाहिलं आणि जिन्यातच थांबला. समईची वात तेवढी तडतडत होती. मलासुद्धा कळेना, यांना दिसतोय तो यातला कोणता मी!

"फोटो माझाय," मी म्हणालो. "विनूच्या लग्नातला."

विनूचा आवाज कसाबसा फुटला. "काकाचा फोटो कुठंच घावंना. मोबाइलमधी हा दिसला. फेटा, मिशा... म्हटलं, काकाचाच फोटो कुणीतरी रंगवून ठिवलाय. म्हून परत काळापांढरा करून आणला." मग माझ्याकडे निरखून बघत, "भाऊ, तू होतास का माझ्या लग्नात?"

आईनं हार ओरबाडून काढला. "जित्या लेकराला हार घातला रे मुडद्यांनो!" म्हणत ढसाढसा रडली. मला पाटावर बसवलं, मीठ-मोहऱ्या मुठीत घेतल्या आणि माझी दृष्ट काढली. एकट्या माझी! तिचा हात तोंडावरून फिरला तसे मी डोळे मिटून घेतले. इतकं बरं वाटलं, की वर्षातून एकदा असं मरायला आपली काही हरकत नाही, असं मी मनातल्या मनात मान्यही करून टाकलं.

"ऊठ आता," आई डोळे पुसत म्हणाली. "दिग्याला अन् विन्याला बसू दे. लई धसका बसलाय लेकरांना."

मी पाट सोडला. आईनं बरणी उलटी केली, तर मीठ संपलेलं. आता दुकानात कुणीतरी जायला हवं होतं.

आणि मग मात्र मी तिघांनाही एकदम, अगदी स्पष्ट दिसलो!