सरकणारी गाठ

आमच्याकडे मेंढ्या कातरायला येणारा म्हातारा आधी प्रत्येक मेंढीचं अंग चाचपायचा. गाठ लागली आणि ती बोटाखाली सरकली तर "जगंल" म्हणायचा. सरकली नाही तर गप्प राहायचा.

मी कॉलेजच्या सुट्टीत घरी आलो तेव्हा त्याला भाकर गिळवत नव्हती. उजव्या दंडात गाठ आली होती. तिच्यावर त्यानं तापल्या सळईचा डाग घेतला होता. दवाखान्यातली इंग्रजी चिठ्ठी त्यानं माझ्याकडून वाचून घेतली. अन्ननलिकेचा कॅन्सर क्वचितच दंडाच्या मांसात उतरतो, तसा त्याचा उतरल्याचं तिच्यात लिहिलं होतं. मी "अशक्तपणा आहे" एवढंच सांगितलं.

कातरणं थांबवून त्यानं माझं बोट गाठीवर ठेवलं. "सरकून राहिली का, लेकरा?"

"व्हय, आबा." गाठ जागची हलत नव्हती.

"कालेजात हेच शिकून राहिला व्हय?" तो हसला. मग स्वतःच अंगठ्यानं गाठ दाबली, गप्प राहिला, आणि कात्री डाव्या हातात घेऊन त्यानं पुढची मेंढी ओढली.