हवा गेली तरी घरी आणणारं चाक

फिटरकाका नमस्कार करायचे नाहीत. आधी वाकून तुमच्या सायकलच्या टायरवर अंगठा दाबायचे, मान हलवायचे आणि मग वर बघून म्हणायचे, "हवेवर इस्वास ठेवू नका."

आमची ओळखही अशीच झाली. भिवंडीजवळच्या कोन गावाच्या नाक्यावर चहाच्या टपरीला मी माझी नवीकोरी सायकल टेकवली होती, आणि हाफ पँटमधला एक बुटका, साठीचा गृहस्थ मला न विचारता ती दाबून बघत होता. मला राग आला. मी शाळेत गणित शिकवतो. फुकटचा सल्ला द्यायची आम्हाला सवय असते, ऐकायची नसते.

"लय कडक हाय," ते म्हणाले. "या रस्त्यावर एवढी हवा म्हंजे कमरेचा खुर्दा."

"कंपनीनं सांगितलीय तेवढीच भरलीय," मी म्हटलं.

"कंपनी भिवंडीत आलीय का कधी?"

मी हवा कमी केली. परत येताना कंबर खरोखरच दुखली नाही, याचा मला जास्त राग आला.

त्यांनी पस्तीस वर्षं पॉवरलूम दुरुस्त करण्यात घालवली होती, म्हणून सगळे त्यांना फिटरकाका म्हणत. लूमच्या खडखडाटानं एक कान अर्धा गेला होता आणि उरलेल्या दीड कानात कारखाना बंद झाल्यावरही लूम चालूच राहायचा. घरी, जेवताना, झोपताना, सारखा. "फक्त सायकलवर बसलो का बंद होतो," ते सांगायचे. "डॉक्टर म्हणतो असं काय नसतं. मी म्हटलं, कान तुझा हाय का माझा?"

त्यांची सायकल माझ्यासारखीच ग्रॅव्हल प्रकारची होती. म्हणजे वाकड्या हँडलची, जाड टायरची, डांबर असो की खडी, दोन्हीकडे जाणारी. मुलीनं वाढदिवसाला दिलेली. या सायकलींच्या टायरमध्ये ट्यूब नसते, पांढरा पातळ द्रव असतो. काटा घुसला की तो भोकात जाऊन घट्ट होतो. काका त्याला दूध म्हणत. दर रविवारी पहाटे आम्ही वज्रेश्वरीपर्यंत जायचो. आमच्याबरोबर एक बँकवालाही असायचा, वयानं लहान आणि तोंडानं मोठा.

पण काकांची सायकल काकूंच्या एका अटीवर चालायची. त्याचं असं झालं होतं की कारखान्यात काकांच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा काकूंना फोन गेला, "घ्यायला या." काकूंना रिक्षा मिळेना. शेवटी सुताच्या गोण्या भरलेल्या टेम्पोत बसून त्या पोचल्या. काकांना दोन स्टेंट बसले, आणि काकूंनी छप्पन्नाव्या वर्षी मोटार चालवायला शिकून जुनी गाडी घेतली. काका सायकल घेऊन पुन्हा बाहेर पडले तेव्हा त्या म्हणाल्या, "खुशाल जा. पण ज्या दिवशी रस्त्यातून 'घ्यायला ये' असा फोन आला, त्या दिवशी सायकल भंगारात. तो फोन मला परत ऐकायचा नाही."

"पंक्चर झालं तरी?" काकांनी विचारलं.

"पंक्चर झालं तरी. फोन वाजला की मला तो सुताचा टेम्पो आठवतो."

आता कळलं ना, हा माणूस हवेवर विश्वास का ठेवत नव्हता? त्यांना असं चाक हवं होतं की हवा गेली तरी ते घरी येईल.

असं चाक असतं. टायरच्या आत रिमभोवती फोमचं कडं बसवतात, त्याला इन्सर्ट म्हणतात. खड्ड्यात आपटलं तर रिम वाचते, हवा गेली तर त्या कड्यावर हळूहळू चालवत जाता येतं. परदेशात ते तयार मिळतं. किंमत मी काकांना मोबाइलवर दाखवली तर ते म्हणाले, "एवढ्यात तर झोपायची गादी येईल." आणि त्याच दिवशी त्यांनी घरातली जुनी गादी फाडली.

त्या पिवळ्या स्पंजचं कडं कापून त्यांनी मोठ्या थाटात चाकात बसवलं. आठ दिवसांत टायर बसला. उघडून बघतो तर आत दुधाचा थेंब नाही. सगळं दूध स्पंजनं पिऊन टाकलेलं, आणि तो असा फुगलेला की हातात उचलवेना. काका त्याच्याकडे कौतुकानं बघत म्हणाले, "बाळ गुटगुटीत झालंय, पण बापाचं दिवाळं काढलं." काकू दारातून म्हणाल्या, "आणि माझी गादी?"

मग राहनाळला फेऱ्या सुरू झाल्या. तिथल्या गोदामांबाहेर सामानाच्या पॅकिंगमधले फोमचे लांब गोल दांडे टाकून दिलेले असतात. काका एकेक दांडा आणून दोन-दोन दिवस बादलीत बुडवून ठेवायचे. पाणी पिणारा नापास, न पिणारा पास. असे अकरा नापास झाले. आमच्या शाळेचा निकालसुद्धा इतका वाईट लागत नाही. बारावा पास झाला.

खरी करामत पुढे होती. फोमची दोन टोकं नुसती चिकटवली की ओढताना सुटायची. तेव्हा काकांनी नायलॉनचा धागा घेऊन ती शिवली आणि तुटलेलं सूत जोडताना लूमवर मारतात ती गाठ मारली. बारीक आणि सपाट, बोटाला लागतसुद्धा नाही. मारायला त्यांना दोन सेकंद लागत. मला त्यांनी ती सात वेळा शिकवली, मला अजून येत नाही.

कडं आत घालून वरून टायर चढवणं म्हणजे दोन माणसांची कुस्ती. शेवटची वीतभर कड काही केल्या रिमवर चढत नाही. आम्ही साबणाचं पाणी लावून, गुडघे टेकून, घाम गाळत बसलेलो आणि काकू चहा ठेवून म्हणणार, "दोन बाप्ये आणि एक चाक! आमचं बाळंतपण बरं होतं."

पण ती गादी, म्हणजे काकांचं ते कडं, पास झालं हो. एकदा परतताना लोखंडी पट्टीनं काकांचा मागचा टायर चिरला. दूध कारंज्यासारखं उडालं, हवा गेली. मी घाबरलो. काका मात्र उतरलेसुद्धा नाहीत. लग्नाच्या वरातीच्या वेगानं, हसत हसत, ते बारा किलोमीटर त्या फोमवर चालवत आले. दारात काकूंना म्हणाले, "बघ. फोन केला का?" आणि त्याच आनंदात पुढच्या रविवारी माझ्याही दोन्ही चाकांत त्यांनी गाद्या बसवल्या.

इथून पुढे माझी लाज आहे, पण सांगतो.

गाद्या बसल्यावर मी चढावर मागे पडायला लागलो. बँकवाला मागे वळून ओरडायचा, "सर, सायकल ओढताय की दहावीची तुकडी?" गणिताचा मास्तर मी, गाद्यांच्या वजनाचा हिशेब मांडता मांडता मला झोप येईना. शेवटी एका शनिवारी नाक्यावरच्या सायकलवाल्याकडून गुपचूप दोन्ही गाद्या काढून घेतल्या. घरी आणून कपाटामागे टाकल्या. काकांना सांगितलं नाही. आणि गाद्यांमुळे आणखी कमी केलेली हवा तशीच ठेवली, म्हणजे त्यांनी अंगठा दाबला तरी कळायला नको. पाहिलीत अक्कल? इतकी कमी हवा चालायची ती गादीच्या जिवावर, हे मला पाठ होतं.

दुसऱ्याच दिवशी परतीच्या वाटेवर ट्रेलरनं उकरलेल्या खड्ड्यात माझं पुढचं चाक गेलं. रिम वाकली, टायर सुटला आणि मी मनगटावर पडलो. बँकवाला नेहमीप्रमाणे कधीच पुढे निघून गेला होता. काकांनी डोक्याचा पंचा सोडून माझा हात गळ्यात बांधला. दोन टेम्पोंना हात केला, कुणी थांबलं नाही. मला घाम फुटला होता, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. माझी बायको माहेरी. काकांनी खिशातून फोन काढला.

"काका, नको," मी म्हटलं. "काकूंची अट आहे."

"अट माझ्या चाकाची हाय, तुमच्या हाताची न्हाय," ते म्हणाले आणि नंबर लावला.

काकू येईपर्यंत त्यांनी माझी सायकल उचलून बाजूला घेतली. टायर रिमवरून निघालेला होता. आत काय आहे, म्हणजे काय नाही, ते त्यांना दिसलं. माझ्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. मी मान खाली घातली.

काकू आल्या. आधी काकांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, मग मला. चेहरा पांढरा पडला होता त्यांचा. "सरांच्या चाकात गादी होती ना?" त्यांनी विचारलं.

काका सायकलच्या आडवे उभे राहिले. "होती. फाटली. माझंच काम कच्चं निघालं."

"म्हणजे तुमच्याही चाकात तसलीच आहे."

"तसलीच."

"मग तुमची सायकल आता पुरे," काकू म्हणाल्या.

मी बोलायला हवं होतं. तिथंच, त्याच क्षणी. मी हाताच्या कळा मोठ्या करून कण्हत बसलो.

नऊ दिवस काका रोज चालत माझ्याकडे आले. डबा आणायचे, प्लास्टरवर अंगठा दाबून "बेस हाय" म्हणायचे, पेपर वाचायचे. सायकलचं नाव नाही, गादीचं नाव नाही. पण दर दोन मिनिटांनी कानात करंगळी घालून जोरात हलवायचे. लूम परत चालू झाला होता, आणि तो मी चालू केला होता. नवव्या दिवशी ते गेल्यावर मला माझी इतकी चीड आली की मी कपाटामागे हात घातला. एक हात प्लास्टरमध्ये. मग दोन्ही गाद्या गळ्यात घातल्या आणि रिक्षात बसलो. रिक्षावाला आरशात बघून म्हणाला, "सर, सत्कार था क्या?"

दार काकूंनी उघडलं. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. त्यांनी एक गादी घेतली, बोटांनी पूर्ण चाचपली, गाठ ओढून पाहिली. कुठंही साधा ओरखडा नव्हता.

"म्हणजे माझ्याशी हे पहिल्यांदा खोटं बोलले," त्या म्हणाल्या, "आणि तेही तुमच्यासाठी?"

त्यांनी ती टेबलावर ठेवली, मी दुसरी गळ्यातून काढून शेजारी ठेवली. त्यांनी आत हाक मारली. काका आले, टेबलावरच्या गाद्या पाहिल्या आणि माझ्यावर भडकले. "कशाला सांगितलंत? कुणी सांगितलं होतं सांगायला? सायकलशिवाय राहायची सवय लावत होतो ना मी! अजून चार-आठ दिवसांत जमलं असतं." बोलता बोलता आवाज फुटला आणि ते खुर्चीवर बसून लहान मुलासारखे रडायला लागले. मीही रडलो. माझा एकच हात मोकळा होता, तो त्यांच्या पाठीवर ठेवला.

"झालं का?" काकू म्हणाल्या. त्यांचेही डोळे भरलेलेच होते. "उद्या जाताय ना? मग टायर दाबून बघा. नऊ दिवस उभी आहे."

त्यानंतर काका आणखी दोन वर्षं सायकल चालवत होते. या उन्हाळ्यात गेले, घरीच, दुपारी पेपर वाचता वाचता. तेराव्याला जेवणं उरकल्यावर काकूंनी मला बाजूला घेतलं. "रविवारचं जाणं चालू ठेवलंत ना?" मी हो म्हटलं. "मग घरी पोचलात की मला एक फोन करत जा. तोपर्यंत मला काही सुचत नाही."

मी दर रविवारी करतो. पहिल्याच रिंगला उचलतात. "पोचलात? बरं," एवढंच बोलून ठेवून देतात.

गेल्या रविवारी वज्रेश्वरीत जुना विद्यार्थी भेटला, गप्पांत तासभर गेला. परत निघालो आणि वाटेत माझा फोन वाजला.

"कुठे आहात?" काकू म्हणाल्या. "किल्ली हातात आहे माझ्या. घ्यायला येऊ?"