चौकटरावांची खिडकी

कॉलेजच्या नोंदणी विभागात चौकटरावांना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी टीसीएल नावाच्या संगणकाच्या भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. नंबर टाकला की पडद्यावर खिडकी उघडायची, चौकटीत विद्यार्थ्याचा फोटो आणि खाली ओळखीची खूण आणि पत्ता. तेवढ्या भांडवलावर स्वारी आजवर हवेत होती.

त्या भाषेबरोबर मिळणारं खिडक्या बांधायचं साधन त्या काळी जेपेग प्रकारचा फोटो उघडायचं नाही, त्याला जिफ प्रकारचाच लागायचा. म्हणून चौकटराव येईल तो फोटो जिफ करून टाकत. जिफमध्ये रंग मोजकेच, त्यामुळे चांगल्या गोऱ्यागोमट्या गालांवर नकाशे उमटत. मोठा फोटो चौकटीत मावत नसे, तर त्याच्या दर तीन ठिपक्यांतला एक ठेवायचा आणि दोन फेकायचे, अशी सोय त्यांनी केली होती. मूळ फोटो ते खोडूनच टाकत. दुहेरी पसारा कशाला? पुढे ते साधन शहाणं झालं, पीएनजी उघडायला लागलं, वरून एक जोडप्रोग्राम घेतला की जेपेगसुद्धा. चौकटराव होते तिथेच होते. कोणी सुधारणा सुचवली की म्हणत, "ओळख पटते ना? मग झालं तर."

परीक्षेच्या दारात फोटो आणि खूण दोन्ही जुळलीच पाहिजेत, हा नियमही त्यांच्याच सुपीक डोक्यातला. गेल्या वर्षी एका मुलीच्या भुवईवरचा व्रण फोटोत सापडेना. फेकलेल्या ठिपक्यांबरोबर तोही गेला होता. ती रडकुंडीला आली, तेव्हा "नवा फोटो द्या, आठवड्यात बसवतो" असं सांगून हे महाशय चहाला निघून गेले. मुलीचं वर्ष बुडालं. चौकटरावांचा चहा काही बुडाला नाही.

यंदा त्यांच्या स्वतःच्या मुलीचा नवा फोटो खिडकीत बसला होता आणि ती पहिल्या पेपरला आली. साडेदहाला दार बंद होणार होतं. दहा वाजून वीस मिनिटांनी पर्यवेक्षिकाबाईंचा फोन आला आणि चौकटराव धापा टाकत दारात पोचले. पडद्यावर खूण होती, हनुवटीवर तीळ. फोटोतली हनुवटी धुतल्यासारखी स्वच्छ होती.

"अहो बाई, माझी मुलगी आहे ती."

"मला दिसतंय. तुमच्या खिडकीला दिसत नाही. फोटोत दोष आहे असं लिहून द्या, लगेच सोडते."

मूळ फोटो दाखवावा, तर तो त्यांनी स्वतःच खोडून टाकला होता. बावीस वर्षांत आपली चूक झाली अशी एक ओळही त्यांनी लिहून दिली नव्हती. तरी मुलीच्या तोंडाकडे बघून त्यांनी पेन काढलं आणि लिहिलं, 'या विद्यार्थिनीच्या फोटोत दोष आहे.'

मुलीने कागद वाचला. "आणि बाकीच्यांच्या?"

"तू आधी आत जा. वेळ जातोय."

"गेल्या वर्षी ती रडत होती तेव्हा मी तिच्या शेजारीच उभी होते, बाबा. तुम्हाला मीही दिसले नाही. सगळ्यांचं लिहा, नाहीतर मी जात नाही."

दहा सव्वीस. चौकटरावांना पोरीचा राग आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. त्यांनी ओळ खोडली. 'खिडकीतला एकही फोटो भरवशाचा नाही. दोष माझ्या प्रोग्रामचा आहे,' असं लिहून खाली सही केली. मुलगी मागे वळून न बघता आत गेली.

बाईंनी कागद दोनदा वाचला. "गेल्या वर्षीच्या मुलीला याची प्रत पाठवायला हवी. तिचा पत्ता आहे ना तुमच्याकडे?"

"आहे," चौकटराव म्हणाले. "फोटोच्या खालीच आहे."