बादल्यांचं पान

हिंजवडीतल्या आमच्या कंपनीत इमारतीची सगळी व्यवस्था मी पाहते. एकदा एक वयस्कर छायाचित्रकार परवानगी मागायला आले. हा भाग उसाच्या शेतांपासून काचेच्या इमारतींपर्यंत कसा बदलत गेला, याचं पुस्तक ते करत होते. दरवर्षी एकाच जागी उभं राहून, डोंगराकडे तोंड करून, एक फोटो. शेवटचा तेवढा राहिला होता आणि ती जागा आता आमच्या नव्याच झालेल्या इमारतीच्या आवारात होती.

आत फोटो काढायला बंदी. वरिष्ठांच्या मागे लागून मी परवानगी मिळवली आणि गच्ची उघडून ठेवली. तिथून डोंगर सुरेख दिसतो.

"अहो, गच्चीवर मी कधी उभा होतो?" असं म्हणत ते गेटबाहेरच्या देवळापासून टेपनं मोजत निघाले आणि थेट सफाईच्या सामानाच्या खोलीत पोचले. "इथंच."

समोर भिंत, बादल्या, वाळत घातलेली फडकी. मी लगबगीनं बादल्या उचलायला लागले.

"राहू द्या. आवरायचंच असतं, तर तेव्हा ऊसही कापून घेतला असता."

"पण डोंगर कुठे दिसतोय?"

"नाहीच दिसत," म्हणाले आणि त्यांनी फोटो काढला.

पुस्तक आल्यावर साहेब कुरकुरले, "आपल्या कंपनीचा एवढाच फोटो?" तरी मी ते रिसेप्शनवर ठेवलंय. पाहुण्यांना आधी उसाचं पान दाखवते, मग बादल्यांचं. इतकी वर्षं जागा न सोडणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.