ठिगळाची साडी

शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वेडंवाकडं आहे. चौथीपर्यंतच शिकले, सांभाळून घ्यावं.

माझी भाची रेवा हिने फोनवरच्या फोटोस्पर्धेत फोटो पाठवला. तिथे फोटोखाली नाव नसतं. बघणाऱ्याने एकच मत द्यायचं.

"मावशी, माझा कुठला ते सांगणार नाही. आवडेल त्याला दे. पण जिंकले तर बाबा कॅमेरा घेणारेत हं!"

एका फोटोत गच्चीवर कुरडया वाळत होत्या. खाली माझी जुनी साडी, मीच लावलेल्या ठिगळाची. बोट तिथेच गेलं होतं. पण दुसऱ्या फोटोत एसटीतली एक बाई होती. शेजारची अनोळखी म्हातारी तिच्या खांद्यावर झोपलेली, आणि ही जराही न हलता बसलेली. नाव झाकलं तरी आपलं माणूस ठिगळावरून ओळखू येतं. या फोटोवाल्याला इथे ओळखणारं कोण होतं? त्याच्याकडे नुसता फोटोच होता. मत त्याला दिलं.

संध्याकाळी रेवाने विचारलं, "ओळखलास ना माझा?"

"ओळखला. पण एसटीतली बाई जास्त आवडली."

"फितूर कुठली!" म्हणून ती रुसली. मग माझ्याच खांद्यावर डोकं टेकून पडली. झोप लागली तिला. मी हलले नाही.