पंखाचे तीन तुकडे

जळगावच्या ज्या चिकनच्या दुकानात मी हल्ली कामाला आहे, तिथे पंखाला नुसतं पंख म्हटलेलं मालकाला चालत नाही. काचेच्या थंड पेटीत तीन वेगळे ट्रे आहेत. खांद्याकडचा मांसल तुकडा म्हणजे ड्रमेट. त्याचं मांस हाडावरून वर सारलं की लॉलीपॉप होतं. मधला, दोन बारीक हाडांचा, तो फ्लॅट. आणि शेवटचं टोक म्हणजे टिप. कातडी आणि हाड, बाकी काही नाही. चाळिशी उलटल्यावर मी हे शब्द पाठ केले. त्याआधी अकरा वर्षं मी एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो, आणि तेव्हा मला कोंबडीचा एकच भाग ठाऊक होता, तंगडी. जावयाला दुसरं काही वाढतच नाहीत.

सासुरवाडी शिरपूरजवळच्या खेड्यात. देवघर असलेल्या घरात कोंबडी शिजत नाही, म्हणून मागच्या अंगणात तीन दगड मांडून काळ्या मसाल्याचा रस्सा होतो. वाढायचं काम मोठ्या साल्याकडे. पळीत काय आलंय ते त्याला न बघता कळतं. एक तंगडी सासऱ्यांना, दुसरी मला, मग बाकीचे पुरुष आणि मुलं. बायका सगळ्यांचं झाल्यावर बसायच्या. त्यांच्या वाट्याला काय उरतं ते मी अकरा वर्षांत एकदाही पाहिलं नाही. हात धुऊन मी खाटेवर आडवा व्हायचो.

कारखाना बंद पडला, मी दुकानात सुरा हातात घेतला, आणि घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात ते मला पळीतून कळलं. पहिल्या खेपेला छातीचा तुकडा आला. म्हटलं, चुकून आला असेल. पुढच्या खेपेला ड्रमेट. मग फ्लॅट. तंगडी आता धाकट्या साडूकडे जात होती. तो धुळ्याला सरकारी कचेरीत आहे. बायकोजवळ कुरकुर केली, तर ती म्हणाली, "वाटीत बघू नका, रस्सा खा."

दिवाळीनंतरच्या एका रविवारी दुपारी पंगत बसली आणि माझ्या वाटीत टिप आली. रश्श्यावर एकटीच तरंगत होती. मी तिच्याकडे बघतोय हे पाहून साला हसत म्हणाला, "पाव्हना, तुमना दुकानमा ते रोज बठ्ठी कोंबडीच शे. तुम्हले आठे काय कौतिक!" दुकानात रोज अख्खी कोंबडी असणाऱ्याला इथे तिचं काय कौतुक, यावर सगळे हसले. साडू तर तंगडी हातात धरून हसला.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ते टोक दोन बोटांत धरून मी वर केलं आणि पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "ह्याला आमच्याकडे टिप म्हणतात. माणसं हे घेत नाहीत. कुत्र्याला टाकायला नेतात."

साल्याचं हसू गेलं. सासऱ्यांनी त्याला डोळ्यानं खुणावलं. त्यानं पळी भांड्याच्या तळापर्यंत घातली आणि राहिलेला शेवटचा चांगला तुकडा माझ्या वाटीत टाकला. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. मी तो चवीनं खाल्ला.

हात धुवायला मागे गेलो. चुलीपाशी सासूबाई, साल्याची बायको आणि माझी बायको जेवायला बसल्या होत्या. अंगण काही लांब नाही, त्यांनी सगळं ऐकलं होतं. तिघींच्या ताटांत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि रस्सा, मधल्या वाटीत मान आणि पाय. पंखाचं दुसरं टोक सासूबाईंच्या हातात होतं. मला पाहताच त्यांनी ते ताटाच्या कडेला ठेवलं आणि पदरानं तोंड पुसलं.

परतताना मोटारसायकल चोपड्याला थांबवली. चहा घेताना बायको म्हणाली, "त्या घरात मी लहानपणापासून तेच खाल्लं. आई अजून तेच खाते. ते कुणाचं खाणं आहे हे आज कळलं."

"मला तसं म्हणायचं नव्हतं."

"माहीत आहे. तुम्हाला तुमची तंगडी पाहिजे होती, तेवढंच म्हणायचं होतं."

माझ्या हातात तंगडी होती तोवर त्या पळीत मला काहीच खोट दिसली नव्हती.

पुढच्या रविवारी मी दुकानातून दोन तंगड्या निवडून घरी नेल्या. तिनं मसाला भाजला, रस्सा केला, आणि दोन्ही तंगड्या माझ्याच वाटीत वाढल्या. स्वतः वरणात भाकरी कुस्करून बसली.

"एक तुला आणलीय," मी म्हणालो.

"मी कोंबडी सोडली," ती म्हणाली. "खा तुम्ही. गार झाली की चरबी धरते."

मी दोन्ही खाल्ल्या.