अंधुक उजेडाचा नियम

बटणाचा आवाजच येईना. फील्ड टेस्टमध्ये पेशंटने समोरच्या टिंबाकडे बघत राहायचं आणि आजूबाजूला कुठेही ठिपका चमकला की बटण दाबायचं. ठिपके चमकत होते. प्रणय नुसता बसून.

"दिसला की दाब रे."

"दिसलाच नाई, मॅडम."

मी वर्ध्यात ऑप्टोमेट्रिस्ट आहे. चष्म्याचे नंबर काढणं हे रोजचं काम. चोविशीतला हा मुलगा चष्म्यासाठी आलाच नव्हता. मित्राने, वैभवने, भांडण मिटवायला त्याला ओढून आणलं होतं.

भांडण खेळातलं. ही पोरं रविवारी सिंदी मेघेत फासे टाकून एक कल्पनेतला खेळ खेळतात. प्रत्येकाचं एक पात्र. त्यांच्यासमोर काय आहे ते प्रणयने सांगायचं. नियमाच्या पुस्तकात लिहिलंय की खाणीतल्या बुटक्यांना काळोखातही दिसतं, फक्त रंग दिसत नाहीत, सगळं राखाडी. माणसांना काळोखात काही नाही, पण अंधुक उजेडात चुकतमाकत दिसतं.

"हा दिवेलागनीलेच आमचे गडी आंधळे करून टाकते," वैभव म्हणाला. "पुस्तक दाखवलं तर म्हन्ते, पुस्तकच चुकलं."

आमच्या डॉक्टरांनी डोळ्याचा पडदा तपासला. रेटिनायटिस पिगमेंटोसा. कमी उजेडात बघणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. आधी संध्याकाळ जाते, मग नजरेच्या कडा. बहुतेकदा आनुवंशिक, आणि बरं करणारं औषध सहसा नाही.

प्रणय हायवेवरच्या जाम गावात टायरच्या दुकानात कामाला. अंधार पडता पडता बाइकने घरी. कसा येतोस, मी विचारलं. पुढच्या ट्रकचा लाल दिवा धरून, म्हणाला. सगळे तसेच येतात, असं तो समजत होता.

"मॅडम, तुमाले सांजेले रस्त्याची कड दिसते?"

"दिसते."

"सगळ्याइले?"

मी हो म्हटलं. तो बाइकची चावी वैभवच्या हातात देत म्हणाला, "माह्या बहिनीले फोन लाव बे. ते स्कूटीनं निघाली असंन."

बाहेर उजेड उतरत होता. फोन वाजत राहिला. चार वेळा कोणी उचलला नाही. पाचव्यांदा तिने उचलला. ती बोरगाव मेघेच्या वळणावर थांबली होती, पुढे एखाद्या गाडीचा लाल दिवा दिसायची वाट बघत. वैभव तिला घ्यायला पळाला.

दुसऱ्या दिवशी तिची टेस्ट केली. तिच्याही कडा गेलेल्या.

त्याच दिवशी प्रणयचं जुनं कार्ड सापडलं. दोन वर्षांपूर्वी त्याचा नंबर मीच काढला होता. 'अंधारात दिसायला त्रास?' या रकान्यात 'नाही', माझ्याच अक्षरात. आता मी त्रास आहे का, असं विचारत नाही. काय काय दिसतं, ते सांगायला लावते.